पाय बरा होऊ नये म्हणून

आमच्या वसतिगृहात संध्याकाळच्या प्रार्थनेची एक रीत आहे. जेवणाआधी मुलं ओसरीवर बसतात आणि ज्याला काही मागायचं असेल तो उभा राहून मोठ्याने मागतो. मग सगळे म्हणतात, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." कुणी आजीच्या तापासाठी मागतं, कुणी हरवलेल्या बकरीसाठी. एकाने गणिताचा पेपर रद्द व्हावा म्हणून मागितलं होतं. गणित मीच शिकवतो. मीही हसलो.

ही रीत मीच सुरू केली. मी वसईचा, घरात रोज रोझरी म्हणत वाढलेला. तलासरीला नोकरीला आलो तो इथलाच झालो. मुलं बहुतेक हिंदू, आजूबाजूच्या पाड्यांवरची. त्यांचा धर्म बदलावा असं माझ्या मनात कधी आलं नाही. दुसऱ्यासाठी मागायला शिकावीत, एवढंच वाटे. मुलांचं मन घडवणं हे शिक्षकाचं काम, असं मी मानत होतो. ते मला चांगलं जमतं, असंही मानत होतो.

सहावीतली एक मुलगी कधीच काही मागत नसे. तिचे आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर विरारच्या पुढे वीटभट्टीवर जायचे. तीही त्यांच्याबरोबर जायची, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवं. शाळा अर्धी व्हायची. मग तिचा बाप घोलवडच्या एका वाडीत चिकू काढताना फांदीवरून पडला. पायात सळई घातली, जखम चिघळली, माणूस घरी बसला. त्या वर्षी भट्टी चुकली. बाप घरात बसून पोराला सांभाळायला लागला, आई वाडीत मजुरीला जाऊ लागली आणि मुलगी आमच्याकडे आली. पहिल्यांदाच तिचं अख्खं वर्ष, पाचवीचं, शाळेत गेलं. अपूर्णांक तिला इतके आवडायचे की जेवताना भाकरीचे तुकडे करून शेजारणीला विचारायची, "हा कितवा भाग, सांग."

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी ते कधी एकत्र जोडून पाहिलं नाही.

सहावीच्या वर्षी गणपतीच्या सुमारास एका संध्याकाळी ती उभी राहिली. म्हणाली, "माझ्या बापाचा पाय बरा होऊ नये म्हणून."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी उठलो. तिला रागावलो नाही, आणि त्याचंच मला तेव्हा कौतुक वाटलं. शांतपणे म्हणालो, "बाळा, देवाकडे असं मागत नाहीत. बापाने तुला वाढवलं. नीट माग."

ती तशीच उभी. मी थांबलो. जेवण थांबलं. शेवटी ती म्हणाली, "माझ्या बापाचा पाय लवकर बरा होवो." सगळ्यांनी म्हटलं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

रात्री मुलींच्या वसतिगृहाच्या सिस्टर मला म्हणाल्या, "सर, तिला विचारलंत का, असं का मागते?"

"रागावली असेल बापावर. लहान आहे."

"मग विचारायचं ना."

मी विचारलं नाही. पुढे ती रोज उभी राहून तेच वाक्य म्हणू लागली, पाढा म्हणावा तसं. मी खूश होतो. डहाणूला शिक्षकांच्या एका शिबिरात मला मूल्यशिक्षणावर बोलायचं होतं. तिथे मी नाव न घेता तिची गोष्ट सांगितली. कठीण झालेलं मन प्रार्थनेने कसं मऊ होतं, असं काहीतरी बोललो. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या घेऊन मी घरी आलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली परतल्या, तीही आली. चार दिवसांनी तिचा बाप फाटकातून आत आला. चालत. हातात वालाच्या शेंगांची पिशवी.

"सर, बघा ना. बस सोडली तिथनं चालत आलो. लंगडलो काय? सांगा."

"नाही, चांगला झाला की पाय."

"भगत दोन कोंबडे खाऊन बसला, तरी पाय हलंना. तुमचा देव बेस. पोरगी सांगत होती, सर रोज मागायला लावतात." त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "मुकादम येऊन गेला. आम्ही नवराबायको उद्या निघतो. पोरीला न्यायला आलो."

मी बोलत राहिलो. वर्ष बुडेल, मुलगी हुशार आहे, इथे खाणंपिणं फुकट आहे. तो सगळं ऐकून घेत होता, हसून मान हलवत होता.

"सगळं खरं, सर. पण पोराला कोण बघंल? तुम्ही येता का भट्टीवर?"

ती पेटी घेऊन आली. मला तिची माफी मागायची होती. तोंडून निघालं ते असं, "वह्या घेतल्यास ना?"

"घेतल्या." मग बाप पुढे गेलाय असं बघून ती म्हणाली, "सर, मी मनात माझं पयलंच म्हणत होती. तुमचं नुसतं तोंडानं."

मी शेंगांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"पण देवानं तुमचं ऐकलं," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाली आणि गेली.

जूनमध्ये ती आली नाही. जुलैत मी पाड्यावर गेलो. आईबाप भाताच्या लावणीला गेले होते. ती दारात भावाला भरवत बसली होती, बोटांच्या पेरांवर भेगा पडलेल्या. मला पाणी दिलं. मी म्हटलं, सातवीत बसवतो, सिस्टरशी बोललोय.

"बापानं नाय म्हणून सांगितलंय. अजून एक येणार आहे घरात." आईला दिवस गेले होते. "आता दोघांना बघायचंय."

मी उद्या येऊन बापाशी बोलेन म्हणालो. तिने मान हलवली, अगदी बापासारखी. उठताना, इतक्या वर्षांच्या सवयीने, माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

तिने भावाचं तोंड पदराने पुसलं. परकर-पोलक्याच्या वयात तिने ओढणीचा पदर खोचला होता.

"नको सर," ती म्हणाली. "राहू द्या."