मानीबाईचे पंजे

महागावकडच्या तांड्यातला हिरासिंग मिस्त्री छतावरचं पावसाचं पाणी भिंतीतल्या पाईपातून खाली आणण्यात पटाईत. पाईप बाहेरून दिसला की लोकांना घराची शोभा गेल्यासारखं वाटतं, म्हणून त्याला दूरदूरहून बोलावणी यायची. पण पाईप भिंतीतून बाहेरच्या टाकीकडे वळतो तिथं तो झाकण ठेवायचाच. मालकानं नाक मुरडलं तर तोंडावर विचारायचा, "गाळ काढाले उद्या भिंत फोडान काय?"

झाकण ठेवलं नाही असं घर एकच, त्याचं स्वतःचं. मानीबाई हटून बसली होती. "या भितीवर माह्ये हात उमटवाचे हायत. मधात तुमचं झाकण नको." बायकोपुढं कुणाचं चाललंय! वास्तुपूजेला तिनं छातीच्या उंचीवर कुंकवाचे दोन पंजे उमटवले आणि दिवसभर येईल त्याला दाखवत राहिली.

गेल्या वर्षी ती गेली. फोटो एकच, आधार कार्डावरचा, तोही धड ओळखू न येणारा. म्हणून हिरासिंग रोज सकाळी त्या पंजांवर आपले हात ठेवायचा.

यंदा श्रावणात स्लॅबवर घोटाभर पाणी तुंबलं. भिंतीला ओल आली, कुंकू ओघळायला लागलं. हिरासिंगनं हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकून पाहिली. बद्द आवाज नेमका पंजांमागून आला.

"बाबा, दुसरा मिस्त्री बलावू काय?" सून संगीतानं हळूच विचारलं.

"नाही. म्याच फोडतो."

पंजांचा पापुद्रा अख्खा निघावा म्हणून त्यानं चहूबाजूंनी छिन्नी जपून चालवली. भिजलेलं प्लास्टर ते. हातात आला नुसता लालसर चिखल.

पाईप कापला. वळणावर गाळात रुतलेला बोळा होता. लाल कापड, त्यावर दोन आरसे. बांधकामात सिमेंटचा माल आत पडू नये म्हणून पाईपाच्या तोंडात बोळा कोंबतात. हे घर बांधताना चिंधी सापडेना, तेव्हा मानीबाईनं आपल्या ओढणीचं टोक फाडून दिलं होतं. लोकांच्या घरी आठवणीनं बोळे काढणारा हिरासिंग आपल्याच घरी विसरला होता. तो सरकत वळणावर येऊन अडकला, आजवर कडेनं पाणी झिरपत राहिलं आणि यंदा गाळानं वाट पुरती बुजली.

बोळा ओढून काढताच पाणी धो धो वाहायला लागलं. तो बोळा उराशी धरून हिरासिंग लेकरासारखा रडला.

"तिनं जन्मात मांगतलं काय होतं, संगीता? हातभर भीत. तेवढीबी मले राखता नाही आली."