घारबाईची नजर

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे घारबाई म्हणायचे. समोर पांढरा दिवा, दिव्यापुढून सरकणाऱ्या काचेच्या बाटल्या आणि स्टुलावर ही. बुडबुडा, चीर, तिरकी मान, काहीही दिसो, हात पुढे जायचा आणि बाटली भंगारात! अशी एकतीस वर्षं. तिथली रीत अशी की जिच्या नजरेतून खोटी बाटली सुटेल, तिच्या स्टुलाला ती आठवडाभर टांगायची. घारबाईच्या स्टुलाला एकदाही दोरी लागली नाही. त्याचा कोण तोरा! चांगली बाटली चुकून फेकली गेली तर मात्र कुणी हूं की चूं करत नव्हतं. ती भट्टीत वितळवून पुन्हा ओतायची, झालं.

ही नजर घरी येताना काढून ठेवता आली असती तर बरं झालं असतं. धाकट्या बहिणीसाठी आलेला मुलगा पाहून ही सगळ्यांदेखत म्हणाली, "मान तिरकी आहे. परत पाठवा." धाकटीने त्याच्याशीच लग्न केलं आणि थोरलीशी नऊ वर्षं अबोला धरला. पुढे घारबाईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिसची पाळी आली, तेव्हा न बोलावता आली ती धाकटीच. म्हणाली, "ताई, माझं एक घे. भांडण नंतर बघू."

ऑपरेशन झालं. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ गोळ्या, त्याही जन्मभर. डॉक्टरीणबाईंनी कारण नीट समजावलं. रक्तात टी पेशी असतात. छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत त्यांची परीक्षा होते, आपल्याच अंगावर उठणारी तिथेच मारली जाते. पास झालेल्या अंगभर फिरतात. शरीरातली पेशी आतल्या मालाचा छोटासा तुकडा बाहेर धरते, टी पेशी तो चाचपते. आपला असेल तर पुढे जाते. जंतूचा किंवा परका निघाला, तर स्वतःसारख्या हजारो तयार करते, इतरांना हाका मारते आणि ती पेशीच ठार करते. एकदा ओळखलेलं विसरतही नाही.

"बहिणीचं असलं तरी त्यांच्या लेखी ते परकंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून गोळ्यांनी त्यांना पेंगत ठेवायचं."

"अगं बाई, हे तर माझंच काम!" घारबाई हरखली. पण 'पेंगत' हा शब्द काही तिच्या घशाखाली उतरला नाही. पेंगणारी चेकर? असली बाई तिने शेजारच्या स्टुलावर तासभरसुद्धा बसू दिली नसती.

सात महिने सगळं सुरळीत चाललं. मग तापाची साथ आली आणि हिला खोकला धरला. आठ दिवस झाले, हटेना. हिने मनाशी हिशेब मांडला: चेकर झोपलेल्या, मग खोटा माल सुटणार नाही तर काय? दवाखान्यात फोन करून विचारावं की नाही? छे! एकतीस वर्षं जे काम केलं, ते दुसऱ्याला काय विचारायचं? तिने गोळ्या बंद केल्या. आणि तो मेला खोकला नेमका त्याच आठवड्यात गेला, जसा कुणाचाही जातो. हिला वाटलं, आपलीच अक्कल! बंदच ठेवल्या.

पंधरवड्यात पाय सुजले, लघवी घटली. डॉक्टरीणबाईंनी सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला आणि फोटो दाखवला. गुलाबी भागात जांभळे ठिपके नुसते खच्चून भरले होते.

"या टी पेशी. तुमच्याच."

सलाइनमधून औषधं झाली, उपयोग झाला नाही. मूत्रपिंड गेलं ते गेलंच.

पुन्हा डायलिसिस सुरू झालं त्या दिवशी धाकटी भेटायला आली. खुर्चीत बसताना तिचा हात आपसूक कुशीवरच्या व्रणावर गेला.

"एक फोन करायला काय झालं होतं ताई?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! माझ्या नवऱ्यात खोट काढलीस, तेही गिळलं मी. पण हे चांगलं होतं गं. धडधाकट होतं."

घारबाईने मान खाली घातली. तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "चुकले गं."

"तुमच्या कारखान्यात चुकून फेकलेली चांगली बाटली वितळवून पुन्हा करतात ना?" धाकटी उठली. "मग दे करून."

आणि पिशवी उचलून ती निघून गेली.