खिडकीच्या पडद्याचा फ्रॉक

लग्नाला चार महिने झाले होते, तेव्हा मी धीर करून नवऱ्याला विचारलं, "मला कॉलेजात जाऊ द्याल?" मी देपालपूरची मॅट्रिक. वडील संस्थानी अमदानीत तहसिलीत कारकून होते आणि मुलीनं मॅट्रिक केलं यातच त्यांना धन्यता वाटत होती. हे इंदूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, "आधी तुला समजतं किती, ते तर बघू."

माझी समज मोजायला त्यांनी काय निवडावं, तर परदेशी सिनेमे! त्यांनी आणि काही मित्रांनी एक मंडळ काढलं होतं. महिन्यातले दोन रविवार सकाळी एका टॉकीजमध्ये हे सिनेमे लागायचे. संपल्यावर तिथेच बसून प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे, असा नियम होता. बायकांना त्यातून सूट होती. माझी सूट मात्र वर्षभराचीच. "जूनच्या शेवटच्या सिनेमाला तू बोलायचंस," हे म्हणाले. "नीट बोललीस तर जुलैत नाव घालू."

तोवर मी जन्मात तीन सिनेमे पाहिले होते, तिन्ही देवादिकांचे. देव कोण आणि राक्षस कोण, हे त्यात पहिल्या झटक्यात कळायचं. इथे एक माणूस समुद्राच्या काठानं चालायचा तो चालतच राहायचा, आणि दिवे लागायचे. खाली इंग्रजी अक्षरं यायची. मी पहिला शब्द लावेपर्यंत ओळ गायब. शेजारी हे बसलेले, अधूनमधून सिनेमा सोडून माझ्याकडे बघणारे.

परतताना राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत माझी तोंडी परीक्षा चालायची.

"हं, मतलब काय निघाला?"

मी पाहिलेलं सांगायची. "त्या घरातलं मीठ संपलं होतं. ती सासऱ्याला सांगत नव्हती. अळणीच वाढत होती."

हे कपाळाला हात लावत. "अगं, तू सिनेमा बघतेस की शेजारणीचं घर? मीठ कशाला मधे आणतेस यार! आशय सांग, आशय!"

एकदा पुलावरच मला रडू फुटलं. रडण्यापेक्षा राग जास्त होता. मीठ संपलेलं दिसलं तेच मला त्या बाईचं सगळं सांगून गेलं होतं, पण ते यांना कसं समजवायचं, हे मला कळत नव्हतं. दिवाळीनंतर मला त्या सिनेमांची गोडी लागली होती, हेही मी कधी बोलले नाही. त्यातल्या बायका कपडे पिळायच्या, विस्तव फुंकायच्या, दाराशी उभ्या राहून वाट बघायच्या. त्यांची भाषा मला कळत नव्हती, पण हात कळत होते. परीक्षेत मात्र त्याला मार्क नव्हते. म्हणून मी मंडळातल्या लोकांचे शब्दच पाठ करायला लागले. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ते कपाटाच्या आत लावलं होतं: आशय, अवकाश, काळाची मोडतोड.

असा तो जून आला. मंडळाचे अध्यक्ष सेक्रेटरिएटात होते. तेव्हा राज्याला दोन राजधान्या होत्या; त्यांचं ऑफिस अर्धं वर्ष ग्वाल्हेरला आणि अर्धं इंदुरात, त्यामुळे फायलींबरोबर तेही जात आणि येत. त्या दिवशी ते पहिल्या रांगेत होते.

सिनेमात एक विधवा होती आणि तिची लहान मुलगी. मुलगी नवा फुलाफुलांचा फ्रॉक घालून शाळेत जाते. त्याच्या घेरावर एका बाजूला इस्त्रीनं जळल्याचा तपकिरी डाग. मग घर दिसलं. मुलगी फाटक्या कपड्यात, आणि खिडकीला त्याच फुलांचा पडदा. आई त्या पडद्याकडे बघत उभी. पडद्याच्या काठाला तोच डाग.

मी ताठ बसले. पडदा कापून फ्रॉक शिवला असणार. मग शिवलेला फ्रॉक आधी आणि न कापलेला पडदा नंतर कसा? थोड्या वेळानं आई कात्री घेऊन पडदा उतरवताना दिसली तेव्हा शंकाच उरली नाही. रिळांची अदलाबदल झाली होती. नंतरचं आधी लागलं होतं.

दिवे लागले. अध्यक्ष म्हणाले, "क्या बात है! काळाची काय मोडतोड केलीय!" मग हे उठले. दहा मिनिटं बोलले. "गरिबीला आधी आणि नंतर नसतं, हेच दिग्दर्शकाला सांगायचंय," असं म्हणाले तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग यांनी माझ्याकडे हात केला.

मी उभी राहिले. खरं बोलले असते तर चारचौघांत नवऱ्याचं हसं झालं असतं आणि कॉलेज गेलं असतं. गप्प बसले असते तरी कॉलेज गेलंच असतं. मी म्हणाले, "काळाची मोडतोड मला फार आवडली. गरीब माणसाला कालचं आणि उद्याचं सारखंच." टाळ्या पडल्या. यांचा चेहरा असा फुलला की मला माझीच लाज वाटली.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीतून मशीनवाला धावत आला. त्यानं हात जोडले. "माफ करना साब, गलती हो गई. दो नंबर की जगह तीन नंबर चढ़ गया था."

पोहे-जिलबी आली ती तशीच पडून राहिली. शेवटी एक जण म्हणाला, "तरीपण परिणाम तर झालाच ना!"

परतताना राजवाड्यापासून एकही प्रश्न नाही. पुलाच्या मध्यावर हे थांबले आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या लक्षात आलं होतं का गं?"

त्यांचे कान लाल झाले होते. वर्षभर मी त्यांना घाबरत आले होते. त्या क्षणी ते मला घाबरत होते.

"नाही हो," मी म्हणाले. "मला कुठलं कळायला?"

त्यांनी मोठा श्वास सोडला. "माझ्याही नाही आलं. कुणाच्याच नाही आलं." मग घरापर्यंत ते मोकळेपणानं बोलत राहिले, आणि सोमवारी त्यांनी स्वतः कॉलेजचा फॉर्म आणून माझ्या हातात दिला.

मी बी.ए. झाले, पुढे शाळेत शिकवलं. पाहुणे आले की हे कौतुकानं सांगत, "हिला सिनेमा बघायला मी शिकवलं." मी चहा टाकायला उठायची. चाळीस वर्षांत तो डाग मी त्यांना कितीदा तरी सांगू शकले असते. आधी भीतीनं सांगितला नाही, नंतर त्यांची कीव येऊन. आता ते नाहीत, आणि मला फार सांगावासा वाटतो.