अमावस्येच्या चाव्या

कोऱ्या टायरचा वास आला, की इस्लामपुरातला तो सोहळा आठवतो आणि डोकं अजून फिरतं. मी तिथं ट्रॅक्टर विकायचो. गिऱ्हाइकांना मंचावर बोलावून चाव्या द्यायचं आमच्या पुण्याच्या कंपनीनं ठरवलं. झेंडूत बुडवलेले ट्रॅक्टर, पडदा, धूर सोडणारं यंत्र, सगळं आणलं. फक्त भिंतीवरचं कॅलेंडर कुणी बघितलं नाही. ‘त्या दिवशी अमावस्या आहे,’ असं मी आधीच सांगितलं, तर नियोजन करणारे साहेब हसून म्हणाले, ‘अहो, तुम्ही थीम बघा, थीम!’ थीम सगळ्यांनी बघितली, बासुंदीही वाट्या भरभरून ओरपली. मग पहिलं नाव पुकारलं. म्हातारं गिऱ्हाईक मंचावर आलं आणि साहेबांना हात जोडून म्हणालं, ‘आवं सायेब, आमुशाला कोण नवा ट्रॅक्टर दारात आणतं व्हय? चावी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. जेवान मातुर लय झ्याक हुतं.’ त्याच्यामागोमाग सगळा मांडव उठून गेला. यंत्र तेवढं रिकाम्या खुर्च्यांवर धूर सोडत राहिलं. ‘इथले लोक अडाणी आहेत,’ असं साहेबांनी वर कळवलं. काल मोबाइलवर त्याच साहेबांच्या नव्या सोहळ्याचं आमंत्रण आलं. माणूस अनुभवानं शिकतोच की! या खेपेला त्यांनी साधी अमावस्या घेतलेली नाही, सर्वपित्री घेतलीय.