एका बाजूने तापणारा कॉम्प्युटर

बँकेतून निवृत्त झालेले देवदत्तराव स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचे ते फक्त चष्म्याची काडी आवळायला. अशा माणसाने घरी बसून कॉम्प्युटर जुळवावा, याचं नवल त्यांचं त्यांनाच वाटत होतं. पण करता काय? पत्नी सुमेधाताईंना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, आणि या हिंदी मुलखात, संकठा घाटाच्या गल्लीत मराठीतून बोलायला शिकवणारं कोण भेटणार? पुण्याच्या मुक्ता मॅडम व्हिडिओवर शिकवायला तयार झाल्या. ओठ कसे हलतात ते मोठ्या पडद्यावर दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. मग गृहस्थ पेटलेच. सामान आणलं, जुळवलं, झाकण लावायच्या आधी रीतसर पूजाही झाली. कुंकू मात्र ताईंना आत टाकू दिलं नाही, शॉर्ट होईल म्हणून.

आणि हा दिवटा कॉम्प्युटर, तास जरा रंगात आला की गपकन बंद!

मोजून पाहिलं तर वेगळंच कोडं. प्रोसेसरच्या पोटात सहा कोअर असतात, म्हणजे काम करणारी सहा डोकी. त्यातली एका बाजूची पन्नाशीत निवांत, तर दुसऱ्या बाजूची दोन पंचाण्णव अंशांवर. एकाच घरात एकाला घाम आणि एकाला गारवा, हे काय गौडबंगाल? देवदत्तरावांनी फॅन बदलला. सेटिंग बदलली. टेबल पंखा लावला. कॉम्प्युटरचं तोंड चारी दिशांना फिरवून झालं. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, मई का महीना है, आदमी गरम हो रहा है, मशीन नहीं होगी?" पण महिना मेचा असला तरी एकाच बाजूला कसा येईल? देवदत्तरावांचं डोकं पार आउट झालं.

त्यात सुमेधाताईंचं वेगळंच. कॉम्प्युटर बंद पडला की त्याच्याकडे बोट करून म्हणायच्या, "तांदूळ." 'हो' आणि 'अरे देवा' सोडलं तर त्यांचा एकही शब्द जागेवर येत नसे. चहाला चप्पल म्हणायच्या. त्यामुळे देवदत्तराव म्हणायचे, "भूक लागली का? लावतो हं कुकर." भात समोर आला की ताई ताट सरकवून द्यायच्या. या माणसाला आणखी कसं सांगावं!

मग मुक्ता मॅडमनी सांगितलं, असा तास तुटत राहिला तर काही उपयोग नाही, दुसरे पेशंट थांबलेत, हा एक आठवडा पाहू, नाहीतर तास बंद. देवदत्तराव घाबरले. मराठीत शिकवणारं दुसरं कोण होतं?

सकाळी ते कॉम्प्युटर उघडून नुसतेच बघत बसले होते. सुमेधाताई भिंतीला धरून देवघरात गेल्या. डाव्या हाताच्या मुठीत काहीतरी आणलं आणि सरळ उघड्या कॉम्प्युटरवर फेकलं. अक्षता! कुंकू टाकू दिलं नाही म्हणून पूजेच्या दिवशी याच हाताने टाकल्या होत्या, तशाच.

"तांदूळ," त्या म्हणाल्या. चिडून म्हणाल्या.

देवदत्तरावांना आता तो दिवस आठवला. पूजेच्या वेळी प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारा पांढरा लेप लावून ठेवला होता. वरच्या अक्षता त्यांनी वेचल्या आणि घाईने त्यावर कूलर, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणारा धातूचा ठोकळा, आवळून टाकला होता. स्क्रू घट्ट आहेत या भरवशावर तेवढा एक भाग त्यांनी पुन्हा कधी उघडला नव्हता.

आता उघडला. लेपात एका कडेला चेपलेला तांदळाचा दाणा. त्याच्यामुळे कूलर तिरका बसला होता, त्या बाजूला टेकतच नव्हता. दाणा काढला, जुना लेप पुसून नवा लावला, कूलर बसवला. सगळी डोकी साठीच्या आत आली.

संध्याकाळचा तास अखंड चालला. शेवटी मुक्ता मॅडमनी नेहमीचं विचारलं, "नवा शब्द काही?"

"तांदूळ," सुमेधाताई म्हणाल्या.

"अगदी बरोबर शब्द म्हणताहेत," देवदत्तराव म्हणाले. "कॉम्प्युटर आणल्यापासून म्हणताहेत. मी रोज भात लावत होतो." आणि त्यांना रडूच आलं, मॅडमच्या देखत.

सुमेधाताईंनी डाव्या हाताने पदर पुढे केला. "अरे देवा," त्या म्हणाल्या.