हिरवी करंगळी

आम्ही गाव सोडलं ते आल्याच्या टेम्पोतून. मिस्टर आधीपासून वाशीच्या मार्केटात हमाली करायचे, ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा. केबिनमध्ये मी, मांडीवर दोन वर्षांची ईश्वरी, पायाशी ज्वारीच्या पिठाचा डबा. आईनं पोरीला खेळायला पिशवीभर चिंचोके दिले होते. आबा खिडकी धरून उभे होते. गाडी सुरू झाली तसे म्हणाले, "पोरीला शिकीव. तुझ्यावानी हू देऊ नगंस."

तुझ्यावानी. जसं काय माझं मी एकटीनंच तसं करून घेतलं होतं. पण निघताना कुणी भांडत नाही. मी मान हलवली. कामोठ्याला उतरले तरी साडीला आल्याचा वास होता.

तुम्ही गावाकडची सगळी फोनवर विचारता, काम कसं आहे. मी चांगलं म्हणते, आणि ते खोटंही नाही. सोसायटीच्या तळमजल्यावर प्लेस्कूल आहे, तिथं मी मावशी. मॅडमनी मला शिक्षण विचारलंच नाही. सहावी म्हणायला लागेल म्हणून मी रात्रभर घाबरले होते, आणि त्यांनी नुसतं विचारलं, पोरं सांभाळता येतील ना? वर ईश्वरीला अर्ध्या फीमध्ये घेतलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. हे पत्र लिहितानाही धाकधूक आहे, कुणी त्यांना दाखवलं तर?

पण किळस येते ती येतेच. आमच्याकडं दर आठवड्याला एक इंग्रजी अक्षर असतं. आर आला की राईस. चांगला तांदूळ निळ्या रंगात घोळवून टबात ओततात, पोरं त्यात बसतात, शिंकतात, मुततात. मग तो काळ्या पिशवीत भरायचा मी. एसला शेव्हिंगचा फेस टेबलभर. त्याचा गोडसर वास आणि डिंकाचा आंबूस वास एक झाला की जेवणाचा डबा उघडायची इच्छा होत नाही. पहिल्या वर्षी मला वाटायचं, नासाडी बघवत नाही म्हणून असं होत असेल. इथल्या बाकीच्या बायकाही तेच म्हणतात, पाप आहे. पण माझं तेवढंच नव्हतं. ते यंदा सी आला तेव्हा कळलं.

सी फॉर कॅटरपिलर. पोरांनी हिरव्या रंगात बोट बुडवून कागदावर ठसे उठवायचे, सीच्या आकारात, की झाली अळी. पोरांनी काय केलं असेल ते सांगायला नको. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे सगळं बाजूला ठेवा. ओपन डेला पॅरेंट्स फाईल बघतात. तुमची करंगळी बारीक आहे, तुम्हीच करा."

मग मी केल्या. अठ्ठावीस पोरांच्या अठ्ठावीस अळ्या, सगळ्या एकसारख्या गोल. नखातला हिरवा रंग भाकरी थापताना पिठात उतरायला लागला. त्या दिवशीच्या भाकरी मला गिळवल्या नाहीत.

अठ्ठावीसमधली एक ईश्वरीची. तिनं स्वतः केली होती ती अळी कागदाच्या कडेनं खाली उतरत गेली होती, शेपूट तर कागदाबाहेर टेबलावर. मी ती रद्दीच्या पिशवीत टाकली. विचारसुद्धा केला नाही, हे खरं सांगते.

ओपन डेला पोरांच्या आया आल्या, फोटो काढले. एकजण म्हणाली, बघा ना, किती इटुकलं बोट माझ्या पिल्लूचं. मी हात पदराखाली घेतला. पिल्लू त्या कागदाकडं असं बघत होतं, जसं काय शेजारच्याचं जेवण आहे.

ईश्वरीनं आपली फाईल उघडली. सगळ्यांसमोर म्हणाली, "हे माझं नाहीये."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. अर्धी फी, नोकरी, सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. मी म्हणाले, "तुझंच हाय की गं. विसरलीस व्हय?"

पोरगी गप्प झाली. तेव्हा आली ती किळस फेसाची, डिंकाची नव्हती, खूप जुनी होती. मी सहावी झाले तेव्हा सातवीची शाळा दुसऱ्या गावात होती, घरी धाकट्या भावाला सांभाळायला माणूस नव्हतं. गुरुजी घरी विचारायला आले. आबा ओट्यावर बसून म्हणाले, "तिलाच आवड न्हाय शाळंची." मी दारात उभी होते. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी अशीच गप्प झाले.

दुपारी सगळे गेल्यावर मी जिन्याखालच्या कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या. उष्टा केक, ओला कापूस, बुरशी धरलेला निळा तांदूळ. कोपरापर्यंत हात घातला. ओकारी दाबत तिसऱ्या पिशवीत ईश्वरीचा कागद सापडला.

सोमवारी मॅडमना म्हणाले, बाकीच्यांचं तुम्ही सांगाल तसं करीन, ईश्वरीच्या फाईलला हात लावणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं. पण एवढी एकच हां, मावशी." बाकी सत्तावीस पोरांचं मी अजून करते. नोकरी हवी आहे. करंगळी धुते आणि तोंड वळवते.

ईश्वरीला ओपन डेच्याच दिवशी घरी सांगितलं, ती अळी मी केली होती, मी खोटं बोलले. तिनं विचारलं, का? मी म्हणाले, घाबरले म्हणून. तिला ते पटलं. चार वर्षांच्या पोरीला एवढं सांगायला काहीच लागत नाही, आबा. हे पत्र तुम्हाला जो वाचून दाखवेल, त्याला एवढी ओळ दोनदा वाचायला सांगा. माझा राग आता पहिल्यासारखा नाही. पण मला शाळेची आवड होती.

तिचा कागद भिंतीवर लावलाय. डिंक घरात आणवत नाही, म्हणून ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली. लोक विचारतात गावाला घर आहे का, मी हो म्हणते. पण आता घर म्हटलं की मला ही खोली दिसते. फरशीवर पोरगी आजीचे चिंचोके मांडून सी काढत बसलेली. सीचं तोंड उलट्या बाजूला उघडलंय. मी शेजारी बसून बघते, आणि हात मांडीखाली ठेवते.