साडेपाचपर्यंत जिवंत

आमच्या विद्यापीठात अशी एकही वस्तू नव्हती जिच्यावर कुणी ना कुणी मेलेलं नव्हतं. पाण्याचा कूलर कुणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ, बाकडी कुणाच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, भिंतीवरचं घड्याळ तर एका साहेबांच्या तिन्ही काकांच्या स्मरणार्थ, म्हणून त्याला बहुतेक तीन काटे होते. वर्गातला पंखा फिरायला लागला की एका सरपंचाचे वडील गरगरा फिरायचे आणि आम्ही खाली बसून अर्थशास्त्र शिकायचो. आमच्याकडच्या माणसाला जितेपणी दान करायचं सुचत नाही असं नाही, सुचतं, पण बोर्ड कोण बघणार, जळकोटचे पाहुणे काय म्हणतील, असा विचार करता करता तो मरतो, आणि मग पोरं एक बाकडं देऊन मोकळी होतात.

हे सगळे मेलेले माझ्या हातून गेलेले. मी तेव्हा नांदेडला एमएच्या शेवटच्या वर्षाला होतो. बाप अहमदपूरच्या स्टँडावर भजी तळायचा, आणि त्याच्या भज्यांवर अर्धा तालुका जगत असला तरी माझी फी काही त्यातून निघत नव्हती. म्हणून मी 'कमवा आणि शिका'मध्ये नाव घातलं, आणि अक्षर चांगलं म्हणून मला ब्रश मिळाला. दोन वर्षांत मी इतक्या वेळा 'कै.' लिहिलं की माझा हात आपोआप तिथूनच सुरू व्हायचा. एकदा घरच्या रेशनकार्डाच्या अर्जावर बापाच्या नावाआधी 'कै.' लिहून बसलो. बापानं तो अर्ज वाचला, भज्याचा झारा उचलला आणि आपण जिते आहोत हे सिद्ध करून दाखवलं.

अक्षर मी शिकलो होतो ते मात्र विद्यापीठात नाही, जुन्या नांदेडातल्या चाचांच्या दुकानात. चाचा पत्र्याच्या पेट्या करायचे. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात पेट्या करत, बाप करत आला, आणि मराठवाड्यातलं जे पोरगं शिकायला घर सोडून निघालं त्याच्या डोक्यावर चाचांची पेटी होती, असं मी म्हटलं तर त्यात फार तर चार-दोन पोरं जास्त धरली असतील. पेटीवर नाव आणि गाव लिहून द्यायचं काम सुट्टीत मी करायचो. सगळं नांदेड त्यांना पेटीवाले म्हणायचं, खरं नाव पोस्टमनलाही आठवत नव्हतं.

हे चाचा दरवर्षी बारा पोरांची परीक्षा फी आणि वर्षभराची मेस भरायचे. दरसाल एक पत्र द्यायचं, त्यावर सही करायची, की लेखा विभाग पैसे सोडायचा. बारांमधला एक मी. आणि त्या वर्षी त्यांनी वर एक अभ्यासिकाही बांधून दिली. कुलगुरूंच्या ऑफिसातनं विचारणा झाली, बोर्डावर नाव काय घालायचं. चाचा म्हणाले, "नाव नक्को. नाव घातलं की उद्यापासून पावतीपुस्तकवाले दुकानात मुक्काम करतील. पेटीवाले लिहा, बस."

बोर्ड लिहायला अर्थात मलाच सांगितलं. मी पांढरा रंग घोटला, ब्रश बुडवला, आणि हात नेहमीप्रमाणे तिथूनच सुरू झाला. बोर्ड तयार झाला: 'कै. पेटीवाले अभ्यासिका'. मी लांब जाऊन बघितलं. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की मजकूर वाचायचं माझ्या ध्यानातच आलं नाही.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे मुंबईहून आले होते, निदान त्यांच्या उशिरावरून तरी तसं वाटत होतं. चाचा स्टेजवर कडेच्या खुर्चीत, नवी टोपी घालून, गळ्यात झेंडूचा हार. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, त्यांनी बोर्ड वाचला आणि चेहरा लगेच गंभीर केला. अशा माणसांचा चेहरा असा तयारच असतो. म्हणाले, "पेटीवाले आज आपल्यात नाहीत. त्यांच्या पेटीच्या सुरांनी अवघा मराठवाडा डोलला होता. आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या."

मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो, तो खांब धरला नसता तर माझीही श्रद्धांजली त्यातच उरकली असती. हजारभर माणसं उठली. कुणी बोललं नाही, कारण प्रमुख पाहुण्यांना मध्ये टोकायची रीत आमच्याकडं नाही. आणि चाचाही उठले. हार नीट केला, हात बांधले, मान खाली घातली आणि दोन मिनिटं स्वतःसाठी उभे राहिले. दुपारपर्यंत व्हॉट्सॲपवर जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. भोकरहून एक टेम्पो भरून माणसं मयतीला आली, त्यांना चाचांनीच चहा पाजला.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. आठवड्याभरानं परीक्षेचे फॉर्म निघाले, शेवटची तारीख शुक्रवार, साडेपाच. बुधवारी आम्ही बाराजण लेखा विभागात गेलो. तिथं जे भाऊसाहेब बसायचे त्यांनी आयुष्यात कुणाचं नुकसान केलं नव्हतं आणि नियमाबाहेर कुणाचा फायदाही केला नव्हता. त्यांनी कार्यक्रमाचा अहवाल पुढं सरकवला.

"हे काय लिहिलंय?"

"श्रद्धांजली वाहण्यात आली," मी वाचलं.

"मग. दाता मयत. मयताच्या सहीवर पैसे सोडू का मी? वारस प्रमाणपत्र आणा."

"भाऊसाहेब, दाता सकाळी मला भेटलाय. पोहे खाऊन राहिला होता."

"ते तोंडी झालं," भाऊसाहेब म्हणाले. "पोह्याची काही नोंद आहे का?"

फॉर्म गेला असता तर माझं वर्ष गेलं असतं, आणि बापानं सांगून ठेवलं होतं की यंदा न्हाई झालं तर स्टँडावर दुसरी कढई लावतो. बाकी अकराजणांच्याही घरी कुठली ना कुठली कढई तापलेलीच होती. मी धावत जुन्या गावात गेलो.

चाचा बिजागरी ठोकत होते. इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"ये बेटा. सात दिवस झाले, एक पावतीपुस्तक आलं न्हाई. ना मंडळ, ना उरूस, ना क्रिकेटचा कप. काल एकजण आला, माझ्याकडं बघून म्हणला, चाचा असते तर हजार दिले असते."

"मग तुम्ही?"

"मी म्हणलं, हाव, दिलदार माणूस होता. मी धाकटा भाऊ, माझी ऐपत न्हाई."

"चाचा, तुम्हाला राग न्हाई आला?"

"मारलं त्याचं काय न्हाई रे. पण पाठवलं कुठं, तर कैलासाला. आमच्या मोहल्ल्यातनं तिकडं जाणारा मी पहिलाच. तिथं ओळखीचं कोण हाय माझ्या?" त्यांनी हातोडी खाली ठेवली. "कुणी लिहिलं ते?"

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणालो, "मीच."

"अक्षर चांगलं आलंय. 'पे'ची मात्रा मी शिकवली तशी."

मग मी त्यांना भाऊसाहेबांचं सगळं सांगितलं. शुक्रवारपर्यंत तुम्ही जिते झाला न्हाईत तर बारा फॉर्म जातेत, म्हणालो. चाचांनी पुन्हा हातोडी घेतली, बिजागरीवर दोन ठोके दिले. असं सुख चालून आलेलं, ते टाकायचं म्हणजे कुणालाही जड जाईल. मला पत्र्यात स्टँडावरची दुसरी कढई दिसायला लागली.

"वीस वर्षं पेट्या आत जाऊन राहिल्या त्या गेटातनं," ते पत्र्याकडं बघत म्हणाले. "मी चौथी नापास. परवाच्या उद्घाटनाआधी मी कधी आत गेलो न्हाई. पेटी जाती, तेवढं बास वाटायचं." मग त्यांनी मान वर केली. "किती वेळ जितं राहावं लागंल?"

"शुक्रवारी साडेपाचपर्यंत."

"मंग चल."

पण पोचेपर्यंत बुधवारचं ऑफिस बंद झालेलं, आणि गुरुवारी भाऊसाहेब रजेवर. शुक्रवारी दुपारी चार वाजता आम्ही भाऊसाहेबांच्या टेबलापुढं उभे. भाऊसाहेबांनी चाचांना खालीवर बघितलं, आणि त्यांना माणूस पटला पण कागद पटेना.

"हयातीचा दाखला आणलाय?"

"तो पेन्शनवाल्यांना असतो साहेब. मला पेन्शन न्हाई, मंग मी हयात कसा असंल?"

"निदान पहिल्या वर्षीचं करारपत्र हवं, सही जुळवायला. ते त्या पेटीत आहे." भाऊसाहेबांनी कोपऱ्यातल्या पेटीकडं बोट केलं. "आणि पेटी तीन वर्षांपासून उघडत नाही. शिपायानं पहार लावली, मोटारीचा जॅक लावला. माझं स्वतःचं सेवापुस्तक आत अडकलंय. तीन वर्षं माझी वेतनवाढ त्या पेटीत आहे."

चाचा पेटीपाशी गेले. खाली बसले, पत्र्यावरून हात फिरवला, जसा एखादा ओळखीच्या म्हशीच्या पाठीवरून फिरवतो. "माझीच हाय. जास्त कागद भरून दाबून बसवली की डावी बिजागरी रुसती." त्यांनी डाव्या कोपऱ्यावर मुठीनं एक ठोसा दिला, मग झाकण वर न उचलता आधी खाली दाबलं. पेटीनं एक उसासा सोडला आणि ती उघडली. आतनं इतकी धूळ उडाली की दहा मिनिटं लेखा विभागात कुणाला कोण दिसत नव्हतं. त्या धुळीत एका शिपायानं हजेरी लावून घरी जायची संधी साधली म्हणतात.

भाऊसाहेबांनी आधी आपलं सेवापुस्तक काढलं आणि छातीशी धरलं. मग करारपत्र. सही जुळली. पण भाऊसाहेब शेवटी भाऊसाहेब. म्हणाले, "जुळली खरी. पण मयताची सही जुळली तर ती बनावट ठरते."

घड्याळात, तीन काकांच्या त्या घड्याळात, पाच वाजून गेले होते. आम्ही बाराजण हातात फॉर्म धरून उभे. चाचा म्हणाले, "साहेब, असं लिहा ना. मी मेलो होतो, आता बरा हाय."

भाऊसाहेबांनी सेवापुस्तकाकडं बघितलं, चाचांच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या टोपीकडं बघितलं, आणि नोकरीतलं पहिलं धाडस केलं. कोरा कागद ओढून लिहिलं: 'सदर इसम आज रोजी माझ्यासमक्ष जिवंत आढळून आला. त्याने चहा घेतला.' खाली शिक्का मारला. चहा नंतर मागवला, कारण शिक्का मारलाय म्हटल्यावर तो पाजणं भाग होतं. पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी माझा फॉर्म भरला गेला. बाराजणांमध्ये शेवटचा मीच, शिक्षा म्हणून.

मग भाऊसाहेबांना नवीन घोर लागला. दाखल्यात जिवंत, बोर्डावर 'कै.', ऑडिटला दोन्ही दिसलं तर? बोर्ड बदलायचा तर समितीचा ठराव, समिती बसायची दिवाळीनंतर. चाचांना वेगळाच घोर. 'कै.' पुसलं की सोमवारपासून पावतीपुस्तकं परत. अभ्यासिकेसमोर उभं राहून ते बराच वेळ बोर्ड न्याहाळत राहिले. आत दिवे लागले होते, पोरं वाचत बसली होती. खिडकीतनं दिसत होतं, एकीच्या पायाशी चाचांचीच पेटी होती, गाव लिहिलेलं.

"बेटा, 'कै'च्या पुढं टिंब हाय ना. ते खोड. तिथं 'क' बसतो का बघ."

मी शिडी लावली. बसला. 'कैक पेटीवाले अभ्यासिका.' चाचांनी ते दोनदा वाचलं, ओठ हलवत. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. म्हणाले, "आता कुणाकडं पावती फाडतील?"

आता मी लातूरला कॉलेजात शिकवतो. लातूरची हुशार पोरं पुढं नांदेडला जातात तेव्हा मी त्यांना पेटी घ्यायला सांगतो, आणि ती चाकाच्या बॅगा घेऊन जातात. परवा त्यातल्या एकानं मला समजावून सांगितलं की सर, पूर्वी नांदेडात कैक पेटीवाले नावाची एक मोठी जमात होती, तिनं ती अभ्यासिका बांधली. मी म्हणालो, हाव, होती. मीही दरवर्षी एका पोराची फी भरतो. फॉर्मवर दात्याचं नाव विचारतात, तिथं मी 'कैक' लिहितो, आणि लेखा विभागात आता कुणी काही विचारत नाही.

चाचा अजून आहेत. पण अहवाल काही कुणी दुरुस्त केला नाही, त्यामुळं दरवर्षी फॉर्मच्या वेळी त्यांना एक दिवस येऊन जिवंत आढळावं लागतं आणि चहा घ्यावा लागतो. गेल्या वर्षी गुडघे धरले म्हणून ते आले नाहीत. शुक्रवारी चार वाजता भाऊसाहेब, निवृत्तीला दोन महिने उरलेले, शिक्का आणि थर्मास घेऊन रिक्षानं जुन्या गावात गेले. मी फी भरायला नांदेडला आलेलो, दुकानातच होतो. चाचा आतनं, बाजेवरनं म्हणाले, "किती वेळ लागंल, साहेब?"

"पाच मिनिटं," भाऊसाहेब म्हणाले, आणि थर्मासचं झाकण उघडलं.